तीनदा कुलूप

४ जानेवारी, शनिवार

ही वही पायपीटने दिली. पायपीट म्हणजे आमचा पाहणीप्रमुख, घरोघर हिंडून माहिती गोळा करणाऱ्या साठ जणांचा मुकादम. त्याच्या बुटांचे तळवे दर चार महिन्यांनी जातात म्हणून हे नाव पडलं, आणि आता तो स्वतःही फोन उचलून "पायपीट बोलतोय" म्हणतो. "साहेब, नवं काम, नवी वही. रोज दोन ओळी लिहा, बरं वाटेल," म्हणाला. मला बरं नाही असं याला कुणी सांगितलं कोण जाणे. मी आजवर फक्त टिपण्या लिहिल्या. टिपणीत परिच्छेदांना क्रमांक असतात आणि स्वतःबद्दल काही लिहावं लागत नाही, ही मोठी सोय आहे.

तर काम. शहर आणि भोवतालची नऊ गावं मिळून जलद रेल्वेचं जाळं आखायचं, आणि त्याच वेळी जमिनीचं काय करायचं तेही ठरवायचं. कुठे घरं, कुठे कारखाने, कुठे नुसतं गवत. दोन्ही एकत्रच, कारण गाडी आली की वस्ती येते आणि वस्ती असली तरच गाडी परवडते. संचालक आज बैठकीत म्हणाले, "वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातला प्रकार आहे हा." सगळे हसले. मीही हसलो. तीस वर्षांत हे वाक्य मी चार संचालकांकडून ऐकलंय.

मुख्य मार्ग ठरल्यातच जमा आहे. प्रश्न शाखेचा. पहिल्या टप्प्यात एकच शाखा होईल. एक तर उत्तरेला, कारखान्यांच्या गावाकडे, नाही तर पूर्वेला, नदीपलीकडच्या गावाकडे. शिफारस मी करायची, मार्चअखेरीच्या आत.

नदीपलीकडच्या गावात माझी लेक राहते. याचा शिफारशीशी काही संबंध नाही. इथे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दाखवता येईल.

१० जानेवारी, शुक्रवार

आज पाहणीचे नियम पक्के केले. पाहण्या दोन आहेत. एकीत प्रत्येक जागेवर काय उभं आहे ते बघून नकाशात रंग भरायचा. राहतं घर असेल तर पिवळा, रिकामं असेल तर पांढरा. दुसरीत निवडक घरांत जाऊन विचारायचं की गेल्या सुट्टीच्या दिवशी आणि गेल्या कामाच्या दिवशी तुम्ही कुठे गेलात, कसे गेलात, का गेलात.

पायपीट म्हणाला, "घर बंद असलं तर आमच्या पोरांनी किती खेटे घालायचे?"

"तीन. वेगवेगळ्या दिवशी. तीनदा कुलूप दिसलं की घर वापरात नाही असं धरा आणि पुढे चला."

"आणि माणूस कामावर गेलेला असला तर?"

"तीन-तीनदा जाऊन भेटत नाही म्हणजे तो तिथे राहत नाही, नुसता मुक्काम करतो."

हशा पिकला. मलाही माझं वाक्य आवडलं, म्हणून इथे उतरवलं.

मग चौदाव्या प्रश्नावरून घोडं अडलं. मी फॉर्मात घातलाय: "ज्या कामासाठी गेलात ते झालं का? नसल्यास कारण." आकडेताईला तो नको होता. ही आमच्याकडे प्रवाशांच्या अंदाजाचं गणित करते. तिशीची आहे, आणि कुणी "साधारण" म्हटलं की "साधारण म्हणजे किती?" विचारते. ती म्हणाली, "साहेब, माणूस गेला हे आपल्याला पुरे. काम झालं की नाही याच्याशी गाडीला काय करायचंय?"

मी म्हटलं, दोन बस बदलून माणूस जातो आणि खिडकी बंद बघून परत येतो, तो प्रवास आपल्या बेरजेत धरला जातो, पण त्याच्या हाती काय लागतं? कुणीतरी एकदा मोजायला हवं. हट्टाने प्रश्न ठेवला. त्याच्याखाली पंधरावा, सगळ्यांना मान्य असलेला: "हाच प्रवास चाळीस मिनिटांत झाला तर तुम्ही तो जास्त वेळा कराल का?" शाखा कुठे जाणार ते या पंधराव्यावर ठरेल.

१९ जानेवारी, रविवार

ऑफिसात. सुट्टीच्या दिवशी इथे मी आणि पाण्याच्या मशीनची घरघर. चौथ्या मजल्यावरचे दिवे मीच लावतो, मीच विझवतो.

बाराच्या सुमारास लेकीचा फोन आला.

"बाबा, कुठे आहात?"

"ऑफिसात. का गं?"

"काही नाही, सहज. वेळ लागेल?"

"लागेल. पूर्वेचा नकाशा हातात घेतलाय. तुझंच गाव."

"बरं."

मागून नातीचा आवाज आला, "उघडत का नाही?" खाऊचा डबा असणार. चार वर्षांच्या बोटांना ती झाकणं उघडत नाहीत. नातीला आम्ही पिटुकली म्हणतो. आम्ही म्हणजे ही, माझी बायको, म्हणायची, मी री ओढायचो. ही जाऊन तीन वर्षं झाली.

लेकीला इथे यायचं तर दोन बस, मध्ये तिठ्यावर पंचवीस मिनिटं ताटकळणं, सगळे मिळून सव्वादोन तास. कडेवर पोर. कोण येणार? दोष तिचा नाही, अंतराचा आहे. पूर्वेची शाखा झाली तर अडतीस मिनिटं. स्टेशन पाण्याच्या टाकीपाशी येतंय, म्हणजे फलाटावरून जिना उतरून, टाकीला वळसा घालून माझ्या दारापर्यंत सहा मिनिटं. चव्वेचाळीस मिनिटांत माणूस येतो, चहा घेतो, आणि उजेड असेतो परत जातो.

२ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा तिचा फोन, पुन्हा बाराला. "कुठे आहात?" "ऑफिसात." "वेळ लागेल?" "लागेल." मला वाटतं, बाप रिकामा बसून कुढत नाही हे कळलं की तिला हायसं वाटत असावं. म्हणून मीही आवाजात जरा घाई आणतो.

संध्याकाळी घरी आलो तर व्हरांड्यातल्या कुंड्या हिरव्यागार. महिनाभर मी पाणी घातलेलं नाही. शेजारचे मुलाकडे परदेशी गेलेत, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी आहे. टाकीतून पाझर असेल, जमिनीतून ओल येत असेल. पाणीपुरवठ्याला कळवायला हवं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आकडेताई तक्ता घेऊन आली. "साहेब, पूर्वेच्या स्टेशनाभोवती हेक्टरी दीडशे माणसं? हा आकडा कुठून आला?"

"भविष्यात येतील."

"तिथे पाणथळ आहे."

"भराव घालता येतो."

"भरावावर दीडशे?"

"साधारण," म्हणालो, आणि जीभ चावली.

ती "साधारण म्हणजे किती" म्हणाली नाही. तक्ता उचलून गेली. हे जास्त लागलं.

आकडा मीच घातलाय. खोटा म्हणता येणार नाही. वीस वर्षांनी काय होईल हे कुणाच्या बापाला माहीत आहे? पण पाणथळ धरून येणारा अठरा लिहिला असता तर पूर्व हरते आणि दीडशे लिहिला तर जिंकते, आणि लिहिताना हे मला माहीत होतं. उत्तरेकडे रोज अकरा हजार माणसं बसच्या दारात लटकून जातात. ती माझ्या ओळखीची नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज फोनवर जरा जास्त बोलणं झालं. "ऑफिसात आहे" म्हटल्यावर ती म्हणाली, "बाबा, ती तुमची लाइन होणार कधी?"

मला आनंद झाला. आजवर तिने कामाबद्दल कधी विचारलं नव्हतं. "सगळं सुरळीत झालं तर नऊ वर्षांत."

"मग तोवर?"

"तोवर बसच. पण तिठ्यावरचा थांबा सुधारायचा प्रस्ताव आहे, निवारा मिळेल."

"तेव्हा पिटुकली तेरा वर्षांची असेल."

"हो की. अर्धं तिकीट बारापर्यंतच आहे. बरं झालं बोललीस, ती मर्यादा वाढवून घ्यायला हवी."

ती हसली. निदान मला तसं वाटलं. "येते एकदा," म्हणाली, नेहमीसारखं. लेक शाळेत भूगोल शिकवते, तिला अंतरं समजतात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दारावरचा दिवा दिवाळं निघाल्यासारखा वर्षभर बंद होता. काल संध्याकाळी सवयीने बटण दाबलं तर लख्ख लागला! तार सैल असेल, वाऱ्याने जुळली असेल. अशा गोष्टी होतात. किल्लीचं भोक चाचपडावं लागलं नाही. उगाचच एक मिनिट दिव्याखाली उभा राहिलो.

२ मार्च, रविवार

खरं लिहितो, नाही तर या वहीचा उपयोग काय. आज ऑफिसात काहीही काम नव्हतं. नकाशे छपाईला गेलेत, फॉर्म अजून यायचेत. साडेनवाला येऊन टेबल पुसलं, पेन्सिलींना टोकं काढली, दोन चहा घेतले, आणि उत्तरेकडच्या खिडकीत उभं राहून गाड्या मोजल्या. घरी बसवत नाही म्हणून येतो मी इथे. घरात दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसतो आणि दुसरी समोर असते. मोठ्याने खोकलो तरी स्वतःलाच ऐकू येतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. छपन्न वर्षांच्या माणसाला एकटं वाटतं, यात सांगण्यासारखं काय आहे?

बाराला फोन.

"बाबा, कुठे आहात?"

"ऑफिसात. फार काम आहे आज."

"आजही?"

"आज तर जास्तच."

मग म्हणाली, "बरं बाबा. वेळेवर जेवत जा." फोन ठेवला. "येते एकदा" म्हणायचं विसरली.

घरी आलो तर दारापुढच्या पायरीवर कुणीतरी खडूने घर काढून ठेवलेलं. उतरतं छप्पर, दोन खिडक्या, आणि दारावर दाराएवढं कुलूप. गल्लीतल्या पोरांचे उद्योग. बादलीभर पाणी ओतून पायरी धुऊन काढली.

१६ मार्च, रविवार

ऑफिसात. फोन आला नाही. शाळेत परीक्षा असतील. दोन वाजेपर्यंत फोन टेबलावर, आवाज मोठा करून ठेवला होता. मीच लावणार होतो, पण लावून बोलायचं काय? तिला काही काम असलं तर ती करतेच.

२१ मार्च, शुक्रवार

जमिनीचा पहिला नकाशा भिंतीवर लागला. तीन मीटर बाय चार. सगळे आपापली घरं शोधत होते, माणसाचा स्वभावच आहे. पायपीटने आपलं पिवळं घर बोटाने दाखवलं. मी पाण्याची टाकी शोधली, तिच्यामागची गल्ली शोधली. गल्लीत सगळीकडे पिवळं होतं, फक्त परदेशी गेलेल्या शेजाऱ्यांचं घर पांढरं, आणि त्याच्या आणि टाकीच्या मध्ये आणखी एक पांढरा चौकोन. तो मी.

म्हटलं, छपाईची चूक. पायपीटने वही उघडली. "पाहणी एक, सकाळी अकरा: कुलूप. पाहणी दोन, दुपारी चार: कुलूप. पाहणी तीन, रविवार, दुपारी एक: कुलूप. शेरा: वापरात नसलेलं घर. कुंड्यांना पाणी घातलेलं दिसतं, राखणदार असावा." मग पत्ता वाचून त्याचा चेहरा पडला. "साहेब... हे तुमचं आहे?"

"नियम माझाच आहे," म्हणालो. आकडेताई सोडून सगळे हसले. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! संचालकांनी येऊन पाहिलं आणि म्हणाले, "स्टेशनाला लागून रिकामा प्लॉट! इथे वाहनतळ छान बसेल."

दिवसभर मीही हसत होतो. घरी येऊन दार लावलं आणि मग हसू आलं नाही. त्या पोराने काही चुकीचं लिहिलेलं नाही. तीनदा आला, कुणी नव्हतं.

राखणदार असावा, हे मात्र कळलं नाही. टाकीला पाझर नाही. पाणीपुरवठ्याचा माणूस सोमवारी बघून गेला.

२५ मार्च, मंगळवार

प्रवासाचे फॉर्म आले. प्रत्येक विभागातले दहा फॉर्म मी स्वतः तपासतो. फॉर्मावर नाव नसतं. विभागाचा क्रमांक, माणसांची वयं, व्यवसाय, बस्स.

पूर्वेच्या गठ्ठ्यातला सातवा. मी आहे तसा उतरवतो, कारण उतरवल्याशिवाय मला झोप येणार नाही.

घरात तिघं. स्त्री, एकतीस, शिक्षिका, भूगोल. पुरुष, चौतीस. मुलगी, चार.

गेल्या सुट्टीच्या दिवशीचा प्रवास, दोन मार्च: स्त्री आणि मुलगी. निघाल्या नऊ चाळीसला. दोन बस. पोचल्या अकरा पंचावन्नला. कुठे: शहर, पाण्याच्या टाकीमागची गल्ली. कशासाठी: वडिलांकडे. किती वेळ थांबलात: एक तास पन्नास मिनिटं.

प्रश्न चौदा. काम झालं का? नाही. कारण: घराला कुलूप होतं.

असा प्रवास किती वेळा करता? दर पंधरा दिवसांनी करत होते. आता करणार नाही.

प्रश्न पंधरा. हाच प्रवास चाळीस मिनिटांत झाला तर जास्त वेळा कराल का? नाही. पाहणीवाल्याने पुढे तिचे शब्द कंसात लिहिलेत: अडचण अंतराची नाही.

मी मागची पानं उलटली. एकोणीस जानेवारी, बारा वाजता. दोन फेब्रुवारी, बारा वाजता. सोळा फेब्रुवारी. दोन मार्च. माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं आहे आणि मी वाचलेलं नाही. ती माझ्या दारात उभी राहून विचारत होती की बाबा, कुठे आहात. मी एकदाही उलटून विचारलं नाही की तू कुठे आहेस. चार फोन, आणि एकदाही नाही!

खाऊचा डबा म्हणालो. पाझर म्हणालो, वाऱ्याने तार जुळली म्हणालो. वर चढून दिवा बदलला असेल तिने, खाली पिटुकली उभी असेल. एक तास पन्नास मिनिटं चार वर्षांच्या पोरीला पायरीवर कसं रमवायचं? खडूने. आणि मी बादलीभर पाणी ओतलं त्यावर.

त्या दिवशी मला काही काम नव्हतं. हे सगळ्यात वाईट आहे. काम असतं तर मी ते कारण म्हणून सांगू तरी शकलो असतो.

माझा नियम तीनचा होता. ती चौथ्यांदा आली होती.

फॉर्म गठ्ठ्यात परत ठेवला, त्याच जागी. नियमाप्रमाणे तो कुणाचा आहे हे मला माहीत नाही.

२६ मार्च, बुधवार

रजा टाकली. घरी बसलो. कुणी आलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी आकडेताईला बोलावून दार लावून घेतलं. म्हटलं, पूर्वेचा दीडशेचा आकडा मी मुद्दाम घातला. तिथे अठरा हवा.

"मला माहीत होतं साहेब."

"मग बोलली का नाहीस?"

"दोन तक्ते करून ठेवलेत. एक दीडशेचा, एक अठराचा. तुम्ही अठराचा मागाल म्हणून थांबले होते. सोमवारपर्यंत नसता मागितला तर बोलले असते." मग जरा घुटमळली. "लेक असते ना तुमची तिकडे?"

"असते. तिला नकोय ती."

"काय नकोय?"

"गाडी."

तिने अठराचा तक्ता माझ्यापुढे सरकवला. अठराच्या तक्त्यात उत्तर जिंकते, आणि नुसती जिंकत नाही, पुढे निघून जाते. शिफारस उत्तरेची लिहिली. अकरा हजार माणसं मला अजूनही ओळखत नाहीत, पण त्यांना बसायला जागा मिळेल. पूर्व दुसऱ्या टप्प्यात. संचालक म्हणाले, "तीन महिने तुम्ही पूर्वेच्या बाजूने कंठशोष करत होतात, आणि आता हे काय?" मी म्हटलं, "चुकलो होतो." तीस वर्षांत हा शब्द मी टिपणीत कधी लिहिला नाही. आज लिहिला, परिच्छेद सहा.

जाताना पायपीट आला. "साहेब, तुमचं घर पिवळं करून टाकतो."

"अजून नको. राहायला लागलो की सांगतो."

३० मार्च, रविवार

हे मी तिच्या पायरीवर बसून लिहितोय.

सकाळी पावणेदहाची बस धरली. हा रस्ता मी नकाशावर हजारदा पाहिलाय. प्रत्यक्ष एकदाच आलो होतो, पिटुकली झाली तेव्हा, ऑफिसच्या गाडीतून, आणि चाळीस मिनिटांत परत फिरलो होतो. बैठक होती. आज दोन बस. तिठ्यावर मी सगळीकडे पंचवीस मिनिटं लिहिलीत. एकेचाळीस लागली. बाकाला पाठ टेकायला काही नाही. शेजारी एक बाई झोपलेलं मूल खांद्यावर टाकून उभी होती. तिला बसायला सांगितलं तर म्हणाली, बसलं की जागं होतं. असं काही आमच्या फॉर्मात विचारलेलं नाही.

सव्वाबाराला पोचलो. कुलूप.

न कळवता आलो, दुसरं काय होणार? तसं पाहिलं तर बरंच झालं. पायरीवर बसलो. समोरच्या गॅलरीतून एका माणसाने तीनदा वाकून बघितलं. ऊन सरकलं तसा मी सरकलो. दाराशी दोन कुंड्या आहेत, त्यांची माती अजून ओली होती. करण्यासारखं काही नव्हतं. तासभर बसल्यावर कळलं की बंद दारासमोर बसलेल्या माणसाला हात कुठे ठेवावेत तेच समजत नाही. ती फोन करायची ती पोचल्या पोचल्या. त्यानंतर एक तास पन्नास मिनिटं बसायची, मी "लागेल" म्हटल्यावरसुद्धा. न जाणो, काम लवकर आटपेल.

आता मी फोन केला. पाण्याचा आणि पोरांचा गलका ऐकू आला.

"कुठे आहेस?"

"तलावावर. पिटुकलीचा पोहण्याचा वर्ग असतो आता रविवारी. का हो?"

"काही नाही, सहज," तोंडात आलं, निघालंही. अंगठा फोन बंद करायला सरकला.

पण तिने विचारलं. मी कधी विचारलं नव्हतं, तिने विचारलं.

"बाबा, तुम्ही कुठे आहात?"

"तुझ्या दारात."

शिट्टी वाजली तिकडे. कुणीतरी मुलांना भिंत धरायला सांगत होतं.

"कधीपासून?"

"सव्वाबारापासून. तू चारदा आलीस ते मला कळलंय. आत्ता कळलं." मग जे म्हणायचं होतं ते उलटसुलट झालं. "मला काम नव्हतं गं त्या दिवशी. घरी बसवत नाही मला."

ती रडत होती की पाण्याचाच आवाज होता, सांगता येत नाही. मग अगदी तिच्या आईच्या सुरात म्हणाली, "वर्ग आत्ता सुरू झालाय. मला वेळ लागेल, बाबा."

"लागू दे," म्हटलं.

पायरीच्या कोपऱ्यात खडूचा तुकडा पडलाय. ती येईपर्यंत पिटुकलीसाठी एक घर काढून ठेवलं. छप्पर सरळ आलं, हाताला सवय आहे. दार उघडं काढलं, आणि पायरीवर एक माणूस. माणूस तेवढा नीट जमला नाही. नकाशात कधी काढावा लागत नाही.